तिसऱ्या पिनेची वायर कोण ओढणार?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत : मुख्य विद्युत निरीक्षक

महोदय,

मुंबईतल्या जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत अर्थिंग नाही, हे आपल्या खात्याला नव्याने सांगायची गरज नाही. लाकडी पट्टीवरून गेलेल्या दोन वायरी, त्यांच्या टोकाला पुढे कधीतरी बसवलेला तीन पिनांचा सॉकेट, आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायर नसलेला मोकळा स्क्रू. गिरगाव असो की लालबाग, कुठलाही वायरमन बोर्ड न उघडता हे सांगेल. फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून घरातली माणसे चप्पल घालून फ्रिज उघडतात. दहा बाय बाराच्या खोलीत वॉशिंग मशीन मोरीला चिकटूनच ठेवावे लागते. पत्र्याची बॉडी, खाली ओली फरशी आणि पावसाळ्यात भिंतीला ओल. तक्रार केली की उत्तर ठरलेले : मीटरपर्यंत कंपनीचे, पुढचे तुमचे. हे पत्र त्या एका उत्तराविरुद्ध आहे.

1956च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम 33 पाहा. ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जिथे सुरू होतो तिथे किंवा त्याच्या जवळ, हात पोहोचेल अशा ठिकाणी पुरवठादाराने अर्थिंगचे टर्मिनल द्यायचे आणि ते सुस्थितीत ठेवायचे, असे तो सांगत होता. 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले. त्यांत हीच तरतूद 16 क्रमांकावर होती. 2023 साली ते नियम पुन्हा नव्याने झाले, तरी तरतूद टिकली. 1956च्याच नियम 46 प्रमाणे प्रत्येक जोडणीची पाच वर्षांच्या आत तपासणी व्हायला हवी होती. ती निरीक्षकाने करायची की पुरवठादाराने, हे राज्य सरकारने ठरवायचे होते. पुढे ठरावीक दाबाखालच्या जोडण्यांसाठी जोडणीच्या मालकानेच तपासून स्वतः प्रमाणपत्र देण्याची वाट काढली गेली. दक्षिण मुंबईतल्या किती भाडेकरूंना आपण असे प्रमाणपत्र देणे लागतो हे ठाऊक आहे? विद्युत अधिनियम 2003च्या कलम 162 खाली विद्युत निरीक्षक आपले सरकार नेमते. म्हणून विचारतो : या इमारतींच्या किती मीटरबोर्डांवर अर्थिंगचे टर्मिनल आहे, आणि त्याचा रोध शेवटचा कधी मोजला? ज्या बोर्डावर ते नाही, त्या बोर्डापुरते ‘मीटरपर्यंतचे’ कामही अपुरेच आहे.

टर्मिनलपासून खोलीपर्यंतची वायर ग्राहकाची, हे मान्य. पण ती ओढायची कोणी आणि कुठून? मीटरबोर्ड तळमजल्यावर जिन्याखाली, खोली तिसऱ्या मजल्यावर. मधला जिना, गॅलरी, भिंत, अंगण यांतले काहीच भाडेकरूच्या मालकीचे नाही. अर्थिंगचा खड्डा घ्यायचा तर अंगणात, आणि त्याला घरमालकाची परवानगी लागते. साठ खोल्यांनी साठ वायरी वेगवेगळ्या खाली आणणे हा वेडेपणा आहे. तिथे एकच जाड अर्थवायर सगळ्या मजल्यांवरून न्यावी लागते. म्हणजे अर्थिंग हे स्वभावतःच सामायिक काम आहे आणि आपली व्यवस्था ते एकेकट्या भाडेकरूच्या गळ्यात घालते. घरमालकाकडे जावे तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 त्याच्यावर दुरुस्तीची जबाबदारी टाकतो, पण महिना 100 रुपये भाडे घेणाऱ्या मालकाचे एका खोलीमागचे वर्षाचे उत्पन्न 1,200 रुपये. ते सगळे खर्चून, गळती ओळखून वीज तोडणारा एक बरा आरसीसीबीही येत नाही. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जावे तर उपकर आहे तो संरचनात्मक दुरुस्तीसाठी. 1969 साली उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या. त्यांतल्या 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या, 1,489 त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या आणि 1,651 पुढच्या, सप्टेंबर 1969 पर्यंतच्या. पंख्या-दिव्यांसाठी वायरिंग झालेल्या पहिल्या गटातल्या असंख्य इमारतींत आज गिझर, मायक्रोवेव्ह आणि एसी चालतात. तुळई आणि जिना यांची काळजी घेणारी यंत्रणा आहे. त्याच जिन्यातून जायला हव्या असलेल्या वायरीचा वाली कोणी नाही.

‘एमसीबी बसवा, धोका टळेल’ असे सांगितले जाते. हे चुकीचे आहे, आणि सांगणाऱ्या अभियंत्याला ते कळायला हवे. ओल्या शरीराचा रोध ढोबळमानाने 1,000 ओहम धरला तर 230 व्होल्टला अंगातून 230 मिलिअँपियर प्रवाह जातो. घरगुती जोडणीत गळती ओळखणारे उपकरण 30 मिलिअँपियरच्या आत तुटले पाहिजे, असे नियम सांगतात. म्हणजे हा प्रवाह त्या मर्यादेच्या सातपटींहून जास्त. सहा अँपियरचा एमसीबी मात्र 6,000 मिलिअँपियरपर्यंत हलणारही नाही. माणूस चिकटून राहील आणि एमसीबी चालूच राहील. दुसरा सल्ला : अंगणात एक सळई ठोका. त्या सळईचा रोध 20 ओहम निघाला तर बिघाडाच्या वेळी 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपियर वाहतील. गिझरच्या 16 अँपियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही आणि गिझरची बॉडी विजेवरच राहील. तिसरा उपाय वायरमन गुपचूप करतात तो : सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकायचे. टेस्टरवर सगळे ठीक दिसते. पण त्या खोलीकडे येणारा न्यूट्रल कुठे तुटला, किंवा फेज-न्यूट्रल उलटे लागले, की मशीनच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट उतरतात. काही ठिकाणी अर्थ नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेला असतो. पाइप प्लास्टिकचा झाला की तो अर्थ संपतो, आणि मधल्या कुणा शेजाऱ्याचा नळ जिवंत होऊ शकतो.

आरसीसीबीची गोष्ट वेगळी आहे. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतला फरक तो मोजतो, त्यामुळे अर्थवायर नसलेल्या दोन वायरींच्या घरातही माणसाला झटका बसताच तो तुटतो. तो अर्थिंगची जागा घेत नाही. झटका बसेपर्यंत तो वाट पाहतो. पण जीव वाचवतो, आणि त्याची किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास आहे. लहान भाराच्या जोडण्यांना नियमांत तो बसवण्याच्या सक्तीतून सूट आहे. एका खोलीच्या घरांवर ही सूट सर्वांत क्रूरपणे पडते, कारण भार कमी आणि अर्थिंग नाही ही दोन्ही लक्षणे त्याच घरांत एकत्र येतात.

‘इमारती पुनर्विकासात जाणारच आहेत, मग खर्च कशाला?’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण लोकही तसेच म्हणतात. पण 1969 पासून पुनर्रचनेची वाट पाहत पिढ्या त्याच खोल्यांत वाढल्या. आणि आरसीसीबी काढून नव्या घरी नेता येतो. दुसरा आक्षेप आकड्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत 2019 ते 2021 या तिन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी बारा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले आहेत. त्यांत शेतातले, खांबावरचे, उघड्या तारांचेही आहेत, हे खरे. मग घरातले किती, त्यांतले अर्थिंगविना किती, हे वेगळे काढा. अपघाताची चौकशी करण्याचा अधिकार विद्युत अधिनियमाच्या कलम 161 खाली सरकारकडे आहे.

मागणी मोघम नाही. उपकरप्राप्त इमारतींच्या प्रत्येक मीटरबोर्डाचे टर्मिनल पुरवठादाराकडून तपासून घ्या, नसेल तिथे बसवायला लावा आणि मोजलेला रोध व तारीख ग्राहकाच्या बिलावर छापा. लहान भाराच्या घरांत 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी पुरवठादाराने बसवावा आणि पैसे हप्त्याने बिलातून घ्यावेत. जिन्यातून वर जाणारी सामायिक अर्थवायर दुरुस्ती मंडळाच्या कामात धरायला गृहनिर्माण खात्याशी बोलून लेखी आदेश काढा. मालक अडवत असेल तर तो आदेश त्याच्यावर बंधनकारक असू द्या. पुढच्या पावसाळ्याआधी निदान बोर्डांची मोजणी पुरी करा आणि कोणत्या वॉर्डात किती बोर्डांवर टर्मिनल नाही, ते आकडे जाहीर करा.

जुन्या इमारतींतील वीजग्राहकांसाठी,
एक नागरिक