कंपवात आणि उंदीर

कंपवातानें आजारी असलेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजिवांनीं विचारलें, “मास्तर, हा रोग आम्हांसही होईल काय?” बहुधा तो आनुवंशिक नसतो, क्वचित् कुळांत मात्र उतरतो. इटली व ग्रीस येथील अशा कुळांत १९९७ सालीं आल्फा-सिन्यूक्लिन नामक प्रथिनाचा एकच घटक बदललेला आढळला. नवल हें कीं, उंदराच्या प्रथिनांत त्या जागीं तोच घटक निसर्गतः असतो. तरी त्यास हा रोग होत नाहीं! म्हणून २००२ सालीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत मनुष्याचें सदोष जनुकच उंदरांत घातलें. मज्जापेशींत प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या, उंदीर लुळे पडून मेले. परंतु मनुष्याच्या मेंदूंतील ज्या काळसर पेशी या रोगांत नष्ट होतात, त्या उंदरांत शाबूत राहिल्या. उपमा नेहमीं एकदेशीच असते. सबब उंदीर बरा झाल्याचें वाचून आशा धरावी, हुरळूं नये, इतकेंच आम्हीं चिरंजिवांस सांगितलें.