पोस्टकार्डाची मागची बाजू

कुटुंबाचा इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वंशावळ येते. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जमिनीची दप्तरे, काही घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत ही या इतिहासाची मान्यताप्राप्त साधने होत. त्यांचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु त्यांत प्रामुख्याने पुरुषांची नावे आणि मिळकती यांचीच नोंद असते. घरातील लेकीसुना, पोटापाण्यासाठी परप्रांती गेलेली भावंडे यांचा आवाज तेथे क्वचितच ऐकू येतो. तो ऐकायचा असेल, तर जुन्या ट्रंकेत पडलेले, सुटीच्या प्रवासातून कोणी धाडलेले चित्रकार्ड अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याची किंमत अवघी पाव आणा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार्डेही लोकप्रिय झाली. समजा, माथेरानचे असे एखादे कार्ड आपल्या हाती आले. चित्र पाहून झाले की ते उलटून पाहावे. खरा इतिहास मागच्या बाजूस असतो. तिकिटावर पंचम जॉर्ज यांची मुद्रा असेल, तर कार्ड १९११ पूर्वीचे नाही. किंमत ‘नये पैसे’ अशी छापली असेल, तर ते १९५७ नंतरचे. पत्त्यात पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. पत्ता इंदूर, बडोदे किंवा तंजावर येथील असेल, तर कुटुंबाची एक शाखा कोठे स्थिरावली होती, याचा माग लागतो.

मायना तर त्याहून बोलका असतो. ‘ती. मामंजींस’ अशी सुरुवात असेल, तर लिहिणारी सून आहे आणि ती स्वतः लिहू शकत होती, हे एका शब्दात कळते. एकाच स्त्रीच्या नावामागे एका कार्डावर ‘सौ.’ आणि पुढच्या कार्डावर ‘गं. भा.’ असेल, तर मधल्या काळात त्या घरावर कोणता आघात झाला, हे वेगळे सांगावे लागत नाही. वंशावळीत जिचे नावही नसते, तिचे आयुष्य येथे दोन अक्षरांत उमटलेले असते.

मात्र पुराव्याची पारख हवी. माथेरानचे चित्र आहे म्हणून कार्ड तेथूनच आले, असे मानू नये. टपालाचा शिक्का वाचावा. ‘काका’ म्हटलेली व्यक्ती शेजारीही असू शकते. शाळेचा दाखला, जन्मनोंद आणि वडीलधाऱ्यांची आठवण यांच्याशी मजकूर ताडून पाहावा. कुळाचा मोठेपणा सिद्ध करण्याच्या हौसेने जो शोध घेतो, त्याला हवे तेच सापडते.

येथे कोणी विचारील, सुटीसाठी प्रवास करणे किती जणांना परवडत होते? आक्षेप रास्त आहे. पण ज्या घरांत चित्रकार्डे आली नाहीत, तेथे मनीऑर्डरची कुपने आली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाने कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी सहलीच्या कार्डाइतक्याच मोलाच्या आहेत. वाचण्याची रीत तीच आहे.

म्हणून या कागदांना रद्दी समजू नये. संग्रहासाठी कार्डावरील तिकीट सोडवून घेऊ नये. त्याबरोबर शिक्का जातो आणि तारीखही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. मजकूर मोडी लिपीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. आणि सर्वांत आधी, त्यावरील नावे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना विचारून ती लिहून ठेवावीत. कागद आणखी काही वर्षे टिकेल. तो समजावून सांगणारी माणसे तेवढी वाट पाहतीलच असे नाही.