कोयता निघायच्या आधी पहिलीच्या लेकराची वही एकदा बघा

बीड : २०२५-२६ चा ऊस गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू करायचं सरकारनं ठरवलं होतं. दिवाळीचे दिवे विझले की जिल्ह्यातल्या टोळ्या हलणार. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं सोयाबीन वावरातच सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. त्यामुळं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडल्याशिवाय गत्यंतर नाही अशी अवस्था अनेक घरांत झाली. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, केज भागात सध्या पारावर बोलणं चालू आहे ते उचल किती, कारखाना कोणता आणि गाडी कधी भरायची याचं. घरात पहिलीला गेलेलं लेकरू असेल तर त्याच्या शाळेचं काय, हा प्रश्न शेवटच्या दिवशी निघतो. बऱ्याचदा निघतच नाही.

पहिलीत असतंय तरी काय, चार महिने बुडलं तर बुडलं, पुढच्या वर्षी शिकंल, असं म्हणणारे बाप गावोगाव आहेत. दहावीच्या पोराला मागं ठेवायची सोय बघितली जाते, पहिलीच्या लेकराला बाजल्यासोबत गाडीत टाकलं जातं. हिशेब नेमका इथंच चुकतो. दहावीचं पोरगं वाचू शकतं, बुडालेला धडा ते नंतर काढू शकतं. पहिलीचं लेकरू अजून वाचायला शिकतंय. त्याचं जे बुडतं ते त्याला एकट्यानं भरून काढता येत नाही.

२०२५ मध्ये शाळा १६ जूनला भरल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिलं सत्र. या चार महिन्यांत पहिलीच्या वर्गात बहुतेक काम तोंडी चालतं. गाणी, गोष्टी, चित्रं बघून बोलणं, वस्तू मोजणं, मग हळूहळू अक्षरं. लेकरू शाळेत बसायला, बाईंचं ऐकायला शिकतं यातच जून-जुलै जातो. अक्षराला अक्षर जोडून शब्द आणि शब्दाला शब्द जोडून वाक्य, हे खरं काम दुसऱ्या सत्रात पक्कं होतं. नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे बरोबर कोयत्याचे महिने.

निपुण भारत अभियान केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला सुरू केलं. त्यात पहिली संपताना लेकराला काय यावं हे ठरवून दिलं आहे. चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य, तेही आधी न वाचलेलं, समजून वाचता यावं. ९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता यावेत. साधी बेरीज-वजाबाकी यावी. एवढंच. ऐकायला थोडं वाटतं, पण दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतचे आकडे अपेक्षित आहेत. पहिलीची पायरी निसटली की दुसरीची उडी बसत नाही. त्यात पहिलीत कुणी नापास होत नाही. नापास होत नसल्यानं घरच्यांना कळतही नाही. पोरगं दरवर्षी वर सरकतं, आणि पाचवीत गेल्यावर बापाच्या लक्षात येतं की याला एसटीची पाटी वाचता येत नाही.

‘असर’ या देशभरच्या पाहणीतही हेच दिसतं. सरकारी शाळेत तिसरीत असलेल्या पोरांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा आहे. तरी शंभरातली छप्पन्न-सत्तावन्न नव्हे, तब्बल शहात्तर-सत्याहत्तर पोरं अजून मागं आहेत.

२०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागला आहे. नव्या शिक्षण धोरणाप्रमाणं अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच टप्पा, तीन ते आठ वयाचा. त्यामुळं पुस्तक उघडलं की आपल्या वेळचं काहीच दिसत नाही, चित्रंच जास्त, अशी तक्रार पालक करतात. अ-आ-इ-ई ओळीनं का नाही, बारखडी का घोकून घेत नाहीत, हा पुढचा सवाल. यात शाळा चुकत नाही. ओळीनं अनसी-ज्ञ पर्यंत पाठ करण्यापेक्षा थोडी अक्षरं घेऊन लगेच शब्द वाचायला लावायचे, अशी आताची पद्धत आहे. क, म, न आणि काना एवढंच आलं तरी मामा, काका, नाक, कान, मान, काम असे सहा शब्द लेकरू वाचतं. आपण वाचलं, हे त्याला कळतं आणि पुढचं अक्षर ते स्वतः मागतं. उलट अख्खी बारखडी गाण्यासारखी म्हणणारी पोरं आहेत, त्यांच्यापुढं ‘काका’ लिहून ठेवलं तर गप्प बसतात.

दुसरी गोष्ट वहीची. वहीची पानं भरलेली दिसली की घरचे खूश. पण पहिलीचं लेकरू न वाचताही पान भरून काढू शकतं, चित्र काढावं तसं. आपण काय लिहिलं हे त्याला सांगता येत नसेल तर ते लिहिणं नव्हे, नक्कल आहे. गिचमिड असलं तरी चालेल, पण मनातला एक शब्द त्यानं स्वतः जोडून लिहिलेला असावा.

मग लेकराला खरंच वाचता येतं का, हे आईबापाला वाचता येत नसताना कसं कळणार? ते कळतं. पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. मग चित्रावर हात ठेवा आणि मधलाच एक शब्द दाखवा, नंतर खालचा, नंतर पुन्हा पहिलाच. दोन्ही वेळेला त्या शब्दाला तेच म्हणालं तर ते वाचतंय. अडखळलं किंवा पुन्हा वरून सुरुवात केली तर धडा पाठ आहे, वाचन नाही. यासाठी आईला एक अक्षरही यायची गरज नाही. फक्त रागवायचं नाही. अडखळलं की कोणतं अक्षर अडतंय ते दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायला सांगायचं.

गणितात गोंधळ आपल्या मराठीचाच आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना २ आधी येतो. म्हणून बारा लिही म्हटलं की लेकरू २१ लिहितं आणि पाठीत धपाटा खातं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचायची सोय बालभारतीनं दिली, तेव्हा राज्यभर टिंगल झाली, विधानसभेतही विषय गाजला. टिंगल करणाऱ्यांत किती जणांनी पहिलीचं पोरगं मांडीवर घेऊन आकडे शिकवले होते, हे विचारायला हवं होतं. गंमत अशी की बाजारात पैसे मोजताना सगळे आधी दहाच्या नोटा वेगळ्या करतात आणि मग सुट्टे मोजतात. वर्गातले दशक-एकक म्हणजे तेच. तुरीच्या काड्या, शेंगा, काडेपेटीतल्या काड्या, काहीही घ्या. दहाचा गठ्ठा बांधायचा, उरलेल्या सुट्ट्या ठेवायच्या. दोन गठ्ठे, एक सुट्टी म्हणजे २१. एक गठ्ठा, दोन सुट्ट्या म्हणजे १२. आठ दिवस हे केलं तर उलटे आकडे बऱ्यापैकी सुटतात. नव्व्याण्णवपर्यंत एका दमात म्हणून दाखवणं हे पाहुण्यांपुढं ठीक आहे, पण सतरा शेंगा मोजून दे म्हटल्यावर त्या देता आल्या पाहिजेत.

भाषेवरून २०२५ मध्ये राज्यात मोठं रान पेटलं. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय आला, १७ जूनला त्याची भाषा बदलली, आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. वाद मोर्चापर्यंत गेला, टीव्हीवर आठवडे चालला. त्यात तांड्यावरचं लेकरू कुणाला दिसलं नाही. ते घरी गोरमाटी बोलतं. शाळेतली मराठी त्याच्यासाठी दुसरी भाषा. इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच आहे, ती तिसरी. म्हणजे त्याच्या डोक्यावर तीन भाषांचं ओझं आधीच आहे, चौथी येणार की नाही एवढाच वाद होता. अशा लेकराला बाई काय म्हणतात तेच आधी महिनाभर कळत नाही आणि ते मठ्ठ आहे असा शिक्का बसतो. तांड्यावरच्या आयांनी घरी गोरमाटी बोलणं बंद करू नये. लेकरानं आपल्या बोलीत गोष्ट नीट सांगितली तर ती मराठीत सांगायला त्याला वेळ लागत नाही. ज्याला कोणत्याच भाषेत चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, त्याची अडचण मोठी.

म्हणूनच घरच्यांनी करायच्या कामात बोलणं पहिलं. आज शाळेत काय झालं, असं विचारलं की लेकरू ‘काही नाही’ म्हणतं. त्यापेक्षा डब्यात काय होतं, कोण पडलं, कुणी कुणाला मारलं, बाईंनी गोष्ट कशाची सांगितली, असं विचारलं की सुटतं. आजीची गोष्ट या वयात कोणत्याही मोबाईलच्या व्हिडिओपेक्षा भारी पडते. आजी थांबते, विचारते, ‘मग काय झालं असंल?’ म्हणते. मोबाईल थांबत नाही. मटकी निवडणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं यानं बोटांना ताकद येते आणि पेन्सिल नीट धरता येते. ही कामं गरिबाच्या घरात फुकट आहेत, शहरात त्याचे क्लास लागतात.

गृहपाठ देत नाहीत म्हणून शिक्षकाला नावं ठेवू नका. २०२० च्या शाळा दप्तर धोरणातच दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलं आहे. मात्र दोन शिक्षक आणि चार वर्ग अशा शाळेत पहिलीच्या वाट्याला बाई दिवसात किती वेळ येतात, हे जाऊन बघायचा हक्क पालकांना आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, त्यातल्या अनेक नुसत्या सहीपुरत्या. मारायचं म्हणाल तर शाळेत कायद्यानं बंदी आहे, घरात कायदा पोचत नाही. सहा वर्षांचं लेकरू माराच्या भीतीनं अक्षर शिकत नाही, वही लपवायला शिकतं.

आता राहिला गावाबाहेर जाण्याचा प्रश्न. जमत असेल तर लेकराला आजी-आजोबांकडं गावातच ठेवावं. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. ती वेळेवर सुरू होत नाही, टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी येते, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच मुख्याध्यापकांकडं जाऊन नाव नोंदवावं. शाळेकडं यादीच नसेल तर मंजुरी कशाच्या जोरावर मागणार?

न्यायलाच लागणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. लेकरू कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यावर असते आणि कारखान्याच्या भागातल्या शाळेत ते दाखवता येतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. अडवलं तर आपल्या गावच्या बाईंना तिथूनच फोन लावून बोलणं करून द्या. मुकादमाशी बोलतानाच विचारून घ्या, कोप्या शाळेपासून किती लांब पडणार आहेत. उचल घेताना जे विचारता येतं ते गाडी उतरल्यावर विचारता येत नाही.

शाळा लांबच पडली, तर मराठीचं आणि गणिताचं पुस्तक, एक पाटी आणि पेन्सिलीची पुडी कपड्यांच्या गाठोड्यात आधी टाका. पहाटे चारला फडात जाणाऱ्या आईबापाला रात्री शिकवायला बसा म्हणणं सोपं नाही, तेवढी कुणाची अंगात ताकद उरत नाही. पण जेवायच्या आधी दहा मिनिटं होतात. त्यात पाच शब्द बोट ठेवून वाचायचे, मोळी मोजतात तशा दहा-दहा काड्या मोजायच्या. टोळीत सातवी-आठवीची एखादी पोरगी असतेच, तिला चार-पाच लहानग्यांना घेऊन बसायला सांगा. आणि निघायच्या आदल्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना विचारून पुस्तकात एक खूण करून घ्या, आमचं लेकरू इथवर आलंय, मार्चपर्यंत कुठवर न्यायचं.