आपोआप जुळणारा कार्ब्युरेटर आणि घरच्या ओंडक्याच्या फळ्या

आंब्याचें किंवा फणसाचें जुनें झाड वादळानें पडलें, म्हणजे व्यापारी बांधावर येतो आणि जळाऊ लाकडाच्या भावानें ओंडका उचलून नेतो. पुढें त्याच शेतकऱ्यास माळ्याच्या फळ्या बदलावयाच्या असल्या, म्हणजे तो त्या वखारींतून विकत आणतो. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हें सांगावयास नको. पूर्वीं दोघे जण, एक वर व एक खालीं उभा राहून, मोठ्या करवतीनें फळ्या पाडीत. तसे कसबी आतां क्वचितच मिळतात. त्यांची जागा पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, म्हणजे चेनसॉ, घेऊं पाहत आहे. तिच्या पात्यास धातूची चौकट जोडली, म्हणजे ओंडका पडल्या जागींच चिरतां येतो.

अशा करवतींत आतां स्वतःच जुळवून घेणारा कार्ब्युरेटर येऊं लागला आहे, आणि ‘स्क्रू फिरविण्याची कटकट नाहीं, यंत्र जळण्याची भीति नाहीं’ असें विक्रेते सांगतात. ह्या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धावर मात्र शेतकऱ्यानें भरंवसा ठेवूं नये, असें आमचें मत आहे.

प्रथम चिरकामाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. फांदी आडवी तोडतांना यंत्र अर्धा मिनिट जोर करतें आणि विसावतें. परंतु आठ फुटी ओंडका उभा चिरतांना तेंच यंत्र कित्येक मिनिटें पूर्ण वेगानें, सतत भाराखालीं चालतें. दोन-धावी इंजिनाच्या पिस्टनास वंगण मिळतें तें पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाचेंच. ह्यास्तव हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडलें, म्हणजे मिश्रण विरळ झालें, कीं उष्णता वाढते आणि त्याच क्षणीं वंगणहि घटतें. पिस्टन सिलिंडरला चिकटतो तो असा. म्हणूनच जुने जाणकार चिरकामापूर्वीं स्क्रू किंचित् सैल करून मिश्रण दाट ठेवतात.

आमचाच अनुभव सांगतों. आमची स्क्रूची करवत ऐन उन्हाळ्यांत घाटमाथ्यावरील एका कारागिराकडून जुळवून आणली होती. पुढें थंडीच्या दिवसांत ती कोंकणांत नेली आणि सकाळच्या गारव्यांत आंब्याच्या ओंडक्यास लावली. तिसऱ्या फळीस पिस्टन धरला. दोष कारागिराचा नव्हता. महाबळेश्वराच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याहून सुमारें १५ टक्के कमी असतो. वरच्या विरळ, ऊन हवेस पुरेसें पेट्रोल खालच्या दाट, गार हवेंत अपुरें पडलें. उतरल्यावर स्क्रू पुन्हां जुळवावयास हवा होता. तो आम्हीं जुळविला नाहीं.

ही चूक नवा कार्ब्युरेटर टाळतो. स्टिल कंपनीच्या ‘एम-ट्रॉनिक’ किंवा हस्कव्हार्नाच्या ‘ऑटोट्यून’ ह्या रचनांत एक लहान विद्युत्-नियंत्रक इंजिनाचे फेरे सतत मोजतो. पेट्रोल थोडें कमी-अधिक केल्यानें फेऱ्यांत काय फरक पडतो, हें तो पाहतो आणि विजेवर चालणाऱ्या एका झडपेनें पेट्रोलाचें प्रमाण ठरवितो. उंची, उष्णता, थोडीशी मळलेली गाळणी, ह्यांचा हिशेब तो आपण होऊनच ठेवतो.

आपल्या देशांत त्याच्या बाजूचें आणखी एक कारण आहे, आणि तेंच आम्हांस सर्वांत मोठें वाटतें. २०२५ सालापर्यंत पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यामुळें जुन्या जुळणीवर मिश्रण आपोआप विरळ होतें. हातानें जुळविण्याच्या कार्ब्युरेटरांत १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेलें पेट्रोल वापरूं नये, असें स्टिलच्या पुस्तिका सांगतात. एम-ट्रॉनिक यंत्रांस मात्र २५ टक्क्यांपर्यंत मुभा देतात. साखर कारखान्यास ऊंस घालणाऱ्या आमच्या वाचकांनीं ह्या इथेनॉलचा लाभ घेतला आहे. त्याचा हा दुसरा परिणामहि त्यांनीं ओळखावा.

आतां विरुद्ध पक्ष. जुने करवतकरी म्हणतात, ‘स्क्रू आमच्या हातीं असूं द्या, चिरकामास मिश्रण दाट हवें, आणि हें यंत्र तें आमच्या इच्छेनें दाट करूं देत नाहीं.’ ह्या आक्षेपांत तथ्य आहे. नियंत्रक उत्तम शक्तीचें प्रमाण शोधतो. पिस्टनास गार ठेवण्यासाठीं जाणकार जें थोडें जास्त पेट्रोल देतो, तें तो देईलच असें नाहीं. परंतु हा आक्षेप ज्याचा कान तयार आहे त्यास शोभतो. वर्षांतून चार दिवस करवत हातीं धरणाऱ्या शेतकऱ्यानें अंदाजानें फिरविलेला स्क्रू नियंत्रकापेक्षां अधिक घातक ठरतो.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक गंभीर वाटतो. सीलमधून किंवा नळींतून बारीक हवा शिरूं लागली, तर स्क्रूचें यंत्र चढ्या, अस्थिर आवाजानें कुरकुरतें आणि मालक सावध होतो. आपोआप जुळणारें यंत्र पेट्रोल वाढवून तो दोष झांकतें. गळती वाढत जाते, आणि झडपेची मर्यादा संपते तेव्हां यंत्र एकदम दगा देतें. शिवाय त्याच्या नियंत्रकांतील बिघाड शोधण्यास विशेष उपकरण लागतें. गांवच्या कारागिराच्या पेंचकसानें तें काम होत नाहीं.

कार्ब्युरेटरास ठाऊक नसलेल्या गोष्टीहि पुष्कळ आहेत. साखळी बोथट झाली आहे, हें त्यास कळत नाहीं. भुशाचें पीठ पडूं लागलें, कीं तें मालकानेंच ओळखावयाचें. आडव्या कापाच्या साखळीचे दांत सुमारें ३० अंशांत घांसलेले असतात. चिरकामास १० अंशांची साखळी घ्यावी. तेलाचें प्रमाण कारखान्यानें सांगितलेलेंच ठेवावें. गाळणी वरचेवर झाडावी. नव्या ठिकाणीं प्रथम कांहीं आडवे काप घेऊन यंत्रास जुळवून घेऊं द्यावें, आणि फळी संपतांच यंत्र बंद न करतां क्षणभर मंद चालवून निवूं द्यावें.

साखळीची चीर सुमारें ९ मिलिमीटर रुंद पडते, पट्टा-करवतीची अवघी २ ते ३. आठ काप घेतले, तर ७ सेंटिमीटरांहून अधिक लाकूड भुशांत जातें. म्हणून ज्याच्या ओंडक्यास गिरणीपर्यंत वाट आहे, त्यानें ह्या फंदांत पडूं नये. जो ओंडका ओढ्यापलीकडे पडला आहे, त्याच्यासाठींच हें साधन आहे. आणि साग, आंबा, फणस इत्यादि झाडांस १९६४ सालचा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. तेव्हां यंत्रास हात लावण्यापूर्वीं वन खात्याच्या कचेरींत चौकशी करावी.

आमची शिफारस अशी: चिरकामासाठीं आपोआप जुळणारीच करवत घ्यावी, परंतु तिची दुरुस्ती करणारा एका दिवसाच्या वाटेवर असेल तरच, आणि ती एकट्यानें न घेतां आठ-दहा शेतकऱ्यांनीं मिळून घ्यावी, चालविणारा मात्र एकच नेमावा. रोज एकाच हातीं राहिलेल्या यंत्राचा बदललेला आवाज त्याच माणसास प्रथम ऐकूं येतो. स्क्रू फिरविण्याचें काम यंत्रानें पत्करलें आहे. कान देण्याचें काम अजून आपलेंच आहे.