गायरान, सौरवीज आणि ग्रामसभा

शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून 2023 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 सुरू झाली. हेतू स्तुत्यच आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पिकास पाणी देणाऱ्यास त्याचे मोल सांगावयास नको. परंतु प्रकल्पांना जमीन लागते, आणि धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांत सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरानच.

गायरानाचा प्रश्न आपणांस नवा आहे काय? 1959 व 1964 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही ज्यांचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, त्यांनी घाम गाळून कसलेली जमीन कागदावर पडीकच राहिली!

जमीन देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा; परंतु गावाचे मत नोंदविण्याची जागा ग्रामसभा होय. 1948 साली घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या कारभारावर अविश्वास व्यक्त केला होता. तो अनुभवाचा होता. म्हणून सभेस एकटेदुकटे जाऊ नका, आणि सरपंचाच्या घरी कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच देऊ नका. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे; तेथे भगिनींनीच प्रथम विचारावे : गट नंबर कोणता? तेथे आज कोण कसतो? ग्रामपंचायतीस तीन वर्षे मिळावयाच्या वार्षिक 5 लाखांतून आपल्या वस्तीवर काय होणार? उत्तरे इतिवृत्तात लिहवून घ्यावीत, आणि त्याची नक्कल हाती पडेपर्यंत उठू नये.