काजूगर परत पाठवणाऱ्या भावकीस

मुंबईतल्या माझ्या भावकीस,



वहिनी माकडतापातून उठली, पण तुमचं वागणं तिच्या मनाला लागलं ते लागलंच. तिने फोडून, सोलून धाडलेले काजूगर तुम्ही पिशवीची गाठही न सोडता परत पाठवलेत. साखरपुड्याचं कळवताना, ‘यंदा गावाकडून कोणी नाही आलं तरी चालेल,’ असंही म्हणालात. तालुक्यात असे अनुभव आलेलं आमचं एकच घर नाही, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितो आहे.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. काजूगर खाऊन तर नाहीच नाही. तो होतो विषाणू असलेली गोचीड चावल्याने. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. 2015 साली गोव्यात सत्तरीत आणि 2016 साली आपल्या दोडामार्गात त्याने माणसं आजारी पाडली. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात. त्यांची तिळाएवढी पिल्लं चावलेली कळतही नाहीत. डिसेंबर ते मे त्यांचा जोर, आणि काजूचा हंगाम त्यातच येतो. पडलेली बोंडं वेचायला वाकावं लागतं, भाजावळीला पातेरा कवळ्याकवळ्याने आणावा लागतो. वहिनी अशीच पातेऱ्यातून आली आणि चार-पाच दिवसांत तापाने फणफणली. डोकं फुटेल असं दुखत होतं, हिरड्यांतून रक्त येऊन उशीचा अभ्रा भरला होता. या रोगात शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

फोनवर तुम्ही म्हणालात, ‘ती माकडं मारून टाका.’ अहो, माकडंही या रोगाने मरतात. मेलेलं माकड दिसलं की रोग जवळ आल्याची ती पहिली खबर असते. त्याला हात न लावता लगेच कळवायचं असतं. डोंगरावरचं रान तोडून काजू लावला, जंगलाच्या पोटात शिरलो, ते आपण माणसांनी. आपली ती काजूची बाग सामाईक आहे. तिच्या उत्पन्नातला तुमचा वाटा दरवर्षी पोचतो आणि तो तुम्ही कधी परत पाठवला नाहीत. दुःख याचंच होतं. पैशात भावकी आणि तापात परकी?

या रोगावरची जुनी लस पुरेशी गुणकारी ठरली नाही म्हणून बंद झाली. आता अंगभर कपडे, गोचिडी दूर ठेवणारं तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, एवढंच हाताशी आहे. बागेत राबणाऱ्या गड्यांच्या तेलाचा, तपासणीचा खर्च यापुढे सामाईक उत्पन्नातून काढूया. नव्या लसीसाठी मुंबईत तुमचा आवाज पोचतो तिथे बोला. आणि वहिनीला स्वतः फोन करून साखरपुड्याचं आमंत्रण द्या. तो मान तिचा आहे.

तुमचाच,
दोडामार्ग तालुक्यातला तुमचा भाऊ