'आदरणीय व्यासपीठ' म्हणून झालं, पुढे काय?

'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग...' पुढचं वाक्य डोक्यात आपोआप सुरू झालं ना? शाळेपासून आपण हेच घोकत आलोय. भाषण पाठ करायचं, मध्ये एक शेर टाकायचा, हात उंचावायचा, टाळ्या घ्यायच्या.

माझ्याही घरी वक्तृत्वाच्या चार ट्रॉफी आहेत. तरी सेकंड इयरला लायब्ररीची वेळ वाढवून मागायला गेलो, तेव्हा मी 'ज्ञानाची गंगा' वगैरे तीन मिनिटं बोलले. समोरचे सर म्हणाले, "बाळा, तुला नेमकं हवंय काय?" मी गप्प. आयुष्यात कधी स्टेजवर न चढलेली माझी मैत्रीण म्हणाली, "सर, लायब्ररी पाचला बंद होते. आमचं प्रॅक्टिकल पावणेपाचला सुटतं. फक्त परीक्षेपर्यंत सातपर्यंत उघडी ठेवाल का? शेवटची आवराआवर आम्ही करू, म्हणजे काकांना उशीर होणार नाही." त्याच आठवड्यात नोटीस लागली.

तेव्हा कळलं, मला भाषण करता येत होतं, पण पटवून देता येत नव्हतं.

पटवून देणं कसं असतं, ते १७ डिसेंबर १९४६ च्या एका भाषणात दिसतं. दिल्लीत संविधान सभा सुरू होती. नेहरूंनी चार दिवसांपूर्वी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालली होती. मुस्लिम लीग सभेत आलीच नव्हती. ती येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, असं बॅ. जयकरांनी सुचवलं होतं आणि काँग्रेसच्या बाकांना ते रुचलं नव्हतं. अशात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव अचानक पुकारलं गेलं. आपल्या आधी वीसेक जण आहेत, आपला नंबर उद्या लागेल, असं त्यांना वाटत होतं. तयारी नाही, वेळ दहा मिनिटं. हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

मग ठरावात आपल्याला काय खटकतं, ते मुद्द्यांनिशी मांडलं. त्यानंतर एक कबुली दिली: आपण भांडणाऱ्या छावण्यांत विभागलोय आणि अशा एका छावणीचा पुढारी बहुधा मीही आहे. तरीही हा देश एक होणार, यावर आपला विश्वास आहे, हेही सांगितलं. घोषणा बाजूला ठेवा, म्हणाले. आणि शेवटी प्रश्नच बदलला. ठराव करायचा अधिकार सभेला आहे का, हा मुद्दा नाही. तो आत्ता करणं शहाणपणाचं आहे का, हे बघा. ठराव लगेच मताला गेला नाही, २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. श्रेय एकट्या या भाषणाचं नसेल, पण विरोधात बसलेल्यांनीही ते ऐकून घेतलं, हे खरं.

बोलणाऱ्यावर विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाला हात आणि मुद्द्यात तर्क, हे तीन पाय ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेत. बाबासाहेबांच्या त्या भाषणात तिन्ही आहेत. माझ्या मैत्रिणीच्या चार वाक्यांतही आहेत.

म्हणून बोलायला उभं राहण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मला काय हवंय, एका वाक्यात. समोरच्याची अडचण काय आहे. आणि ती सोडवायला मी काय करणार. पाठ करायचंच असेल तर पहिलं आणि शेवटचं वाक्य करा, मधलं मुद्द्यांवरून बोला. म्हणजे विसरण्याची भीती अर्धी होते आणि नजर छताकडे न जाता माणसांकडे राहते.

आणि स्पर्धा घेणाऱ्यांना एक मागणी: भाषण संपलं की दोन मिनिटं श्रोत्यांना प्रश्न विचारू द्या, त्यालाही मार्क ठेवा. कारण उद्या हॉस्टेलच्या पाण्यासाठी, गावच्या शेवटच्या एसटीसाठी, नाहीतर घरी स्वतःच्या लग्नाबद्दल बोलायची वेळ येईल, तेव्हा समोर परीक्षक नसतील. तिथे कुणी टाळ्या वाजवणार नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणेल. तयारी त्या 'हो'ची करा.